बोकड कुणीकडे बघतो

नाही म्हणजे नाही, शेठ. — बसा हो, बसा, नकार ऐकायला काही उभं राहावं लागत नाही. त्या खुर्चीवर नको, तिचे पाय माझ्यासारखेच झालेत, बाकावर बसा. एल्स, शेठना सफरचंदाची दारू आण गं, आणि ते धुरी दिलेलं चीज — पातळ काप, पाहुणे एकच आहेत. हं. तर तुम्ही रावेन्सबुर्गचे कापडाचे मोठे व्यापारी, योस शेठ, सम्राटांनी तुम्हाला घराण्याच्या चिन्हाची स्वतःची ढाल लावायची परवानगी दिली — कशी दिली ते मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका — आणि जगातली सगळी जनावरं सोडून तुम्हाला तिच्यावर आमचाच बोकड हवाय. टान्नफेल्स घराण्याचा. का, तर आई म्हणते. आई अंथरुणाला खिळलीय, डोळे मिटायच्या आत तिला चर्चमधे तुमच्या बाकावर ती ढाल टांगलेली बघायचीय, आणि हीच, दुसरी कुठली नाही. कळलं मला, दोनदा सांगितलंत. आईचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण ही ढाल मेली, शेठ. मेलेलं माणूस उसनं देता येत नाही.

मेली म्हणजे मेलीच. तुमच्यात नसेल ही रीत, आमच्यात आहे — घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल थडग्याशी फोडायची, तुकडे शवपेटीवर टाकायचे, आणि पाद्रीबाबांनी खणखणीत आवाजात म्हणायचं, ‘आज टान्नफेल्स, यापुढे कधीच नाही.’ माझ्या भावाच्या वेळी म्हटलं तसं. बुर्खार्ट गेला वेढ्यात — तलवारीनं नव्हे, तापानं, छावणीतलं पाणी पिऊन — आणि त्याला इथे आणून पुरला. मी तिथेच उभी होते. चांगली धडधाकट, काळे कपडे घालून, बापाचं नाव लावणारी. पाद्रीबाबांनी माझ्याकडे बघत बघत ‘कधीच नाही’ म्हटलं! बायका मोजत नाहीत ना. पण गंमत अशी की ढाल कुणाला द्यायची झाली तर शिक्का मात्र माझाच लागतो. म्हणजे मी तिची वारस आहे, पण माणूस नाही. आईकडचे दोन लांबचे भाऊ येऊन गेले मागायला, दोघांना चीज खाऊ घालून परत पाठवलं. नीट संपलंय आमचं घर. नीट संपलेलं कशाला उसवायचं?

हातात काय आहे ते गुंडाळलेलं? चित्र? काढून पण आणलंत — आणा इकडे, उजेडात धरते. अगंबाई. अहो शेठ, ही ढाल आहे की बाजाराचा दिवस? हा पूल, हा तागा, हा विणकराचा धोटा, ही चांदणी — चांदणी कशाला? जागा उरली म्हणून? — आणि या सगळ्या गर्दीत कोपऱ्यात आमचा बिचारा बोकड, जत्रेत हरवल्यासारखा. हसू नका, तुम्हालाच हसतेय मी. ढाल कशासाठी असते हे सांगितलं नाही वाटतं कुणी? माणूस ओळखू यावा म्हणून. डोक्यावर लोखंडी टोप, चेहरा झाकलेला, धूळ उडालेली, घोडे पिसाळलेले, आणि समोरच्यानं एका फटीतून बघून ठरवायचंय — याला मारायचं की याच्या मागे जायचं. तो काय तुमचे तागे मोजत बसणार आहे? एकच वस्तू घ्यायची, मोठी काढायची, ढालभर. आणि लाल ढालीवर हा निळा पूल — वाहून गेलेला दिसतोय तो, शोधावा लागला मला. पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं-चांदी, ते धातू. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. रंगावर रंग बसत नाही, धातूवर धातू बसत नाही. लालावर पांढरा बोकड — झालं, एका शेतावरून ओळखू येतो. एवढंच शास्त्र आहे हो. बाकी सगळा आमचा तोरा.

वडिलांनी शिकवलं, दुसरं कोण. आम्हाला दोघांनाही — थंडीत कामं नसायची तेव्हा मला नि बुर्खार्टला समोर बसवून ढाली रंगवायला लावायचे. माझा हात बरा होता. त्याचा बोकड नेहमी मेंढरासारखा व्हायचा, मग तो चिडून दाढीला गाठ मारायचा. म्हणायचा, आता तरी कळेल ना बोकड आहे. वडिलांचा मार खाल्ला त्या गाठीपायी, तरी मारायचाच. लहर होती त्याची. आळशी तर इतका की घोड्यावर खोगीर चढवायला दोन माणसं लागायची, आणि एकेकदा काय अंगात यायचं कुणास ठाऊक — दळण मात्र स्वतः घेऊन जायचा. सरदाराचा मुलगा, खांद्यावर पोतं! हो, हो, तुमच्याच आजोबांकडे, खाली ओढ्यावरच्या गिरणीत. तुम्ही म्हणालात ना गिरणीवाल्याचा नातू, तेव्हाच म्हणणार होते. त्या वर्षी आमच्याकडे खाणारी तोंडं चार आणि पीठ पलटणीला पुरेल इतकं. मी म्हणायची, अरे इतकं दळण कशाला? तर शीळ घालत परत खाली. मी आपली पिठाला किडे लागले म्हणून ओरडतेय.

तर तुमची आई म्हणजे आफ्रा. आठवते की. लाल केस, तोंड फटकळ — एकदा मला तोंडावर म्हणाली होती, ‘बाईसाहेब, गहू तुमचा असला तरी जातं आमचं आहे.’ मी पुष्कळ दिवस रागावले होते, आणि मग उत्तर सुचलं नाही म्हणून राग सोडून दिला. एका वसंतात निघून गेली ती. लोक म्हणाले, कापड वाहणाऱ्या कुणा गाडीवानाबरोबर गेली, आणि तो बिचारा डोंगर ओलांडताना बर्फात गेला. तुमचे वडील. तुम्ही पाहिलेच नाहीत ना? हं. आमच्याकडे त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी बुर्खार्टला आणला. ते वर्षच वाईट होतं. घ्या ना, चीज घ्या, बोलण्यात राहिलं.

आता शेवटचं सांगते आणि मग तुम्ही निघा, उजेड असेतो घाट उतरलेला बरा. तुमच्या चिताऱ्याला — कोण आहे तो? असू दे, नाव नको — त्याला सांगा की बाबा रे, तू गाढव आहेस. बोकड उलटा काढलाय त्यानं! हे बघा. ढाल डाव्या हातात धरतात, बरोबर? आणि तिची डावी-उजवी धरणाऱ्याची, बघणाऱ्याची नव्हे. म्हणजे आपण समोरून बघताना बोकडाचं तोंड आपल्या डावीकडे हवं. मग तो घोड्याबरोबर पुढे बघतो, शत्रूकडे. हा तुमचा बघतोय मागे, घोड्याच्या शेपटीकडे. निघाला पळून! अशी ढाल घेऊन चर्चमधे बसलात तर जाणकार लोक प्रार्थना सोडून तोंडात रुमाल कोंबतील. नव्यानं ढाली लावणारे सगळे हीच चूक करतात, तुम्ही एकटे नाही, वाईट वाटून घेऊ नका.

काय? — चिताऱ्याची चूक नाही म्हणजे?

आईच्या पेटीवरून उतरवला. बरं. कसली पेटी, कपड्यांची? झाकणावर रंगवलेला. आणि तिनं बजावलं होतं, पूल घाल, तागा घाल, काय वाटेल ते घाल, पण बोकडाला हात लावायचा नाही, आहे तसाच बघू दे. असं म्हणाली? आफ्राचा हट्ट, दुसरं काय. तिला काय कळणार त्यातलं — झाकण रंगवणारा तरी शहाणा असायला हवा होता. तसं म्हणाल तर बोकड वळतो एका वेळी. एकदाच वळतो. नवऱ्याची ढाल आणि बायकोच्या माहेरची ढाल शेजारी शेजारी काढतात ना, एकमेकींकडे जरा कलत्या, तेव्हा नवऱ्याच्या ढालीतलं जनावर तोंड फिरवून बायकोकडे बघतं. शत्रूला पाठ दाखवून. रीतच आहे तशी. बायकोकडे पाठ करून बसणं बरं दिसत नाही म्हणून. आमच्या आईवडिलांच्या पलंगावर आहे की तसं, आईची मासोळी आणि तिच्याकडे टक लावून बघणारा आमचा बोकड. लग्न झालेल्या बाईसाठीच हं. वाटेवरच्या कुणासाठी बोकड मान वळवत नाही, वाटल्यास माणूस वळवेल. पण त्याला शेजारी दुसरी ढाल लागते, आणि तुमच्या त्या झाकणावर —

आहे?

चिताऱ्यानं ती घेतली नाही, कारण काय आहे ते त्याला कळलं नाही. कशी दिसते? बोटानं काढून दाखवा, इथे, टेबलावर, दारू सांडलीय त्यात. — दोन्ही टोकांना फाटे, मधे भोक. शेठ, ते जात्याचं लोखंड आहे. वरच्या दगडाच्या पोटात बसवतात ती पट्टी. तुमच्या आजोबांच्या दारावर खिळ्यानं ठोकलेली असायची, गिरणी ओळखू यावी म्हणून.

थांबा. बोलू नका जरा. एल्स, तू आत जा.

एक विचारते, नीट आठवून सांगा. त्या बोकडाच्या दाढीला — काही आहे का दाढीला? चिताऱ्याला वाटलं रंग फिसकटलाय, म्हणून त्यानं सरळ केली. काय होतं तिथे? गाठ होती?

होती.

बघा. मी इथे बसून तुम्हाला शिकवतेय, ढाल कशासाठी असते, तर माणूस ओळखू यावा म्हणून — आणि माणूस समोर बसून माझं चीज खातोय. बुर्खार्ट खोटं बोलायचा हो, पुष्कळ बोलायचा, वडिलांशी, माझ्याशी, पाद्रीबाबांशी. पण ढालीवर खोटं रंगवणारा नव्हता तो. तेवढं एक त्याच्या अंगात मुरलं होतं. त्यानं बोकड वळवलाय म्हणजे त्यानं लग्न केलंय. कुठल्या तरी डोंगरातल्या देवळात, दोन धनगर साक्षीला धरून, कुणास ठाऊक — पण केलंय. आणि पेटी रंगवून तिच्या हातात देऊन वेढ्यावर गेला, की परत आलो की सांगू. मला सांगितलं असतंस तर, मेल्या! — तुम्हाला नाही म्हणत. सांगितलं असतं तर काय, मी आकांत केला असता, ते त्याला माहीत होतं. आणि तिनं? इथे ढाल फोडली तेव्हा ती कुठे होती? रावेन्सबुर्गला, पोटुशी, आणि गाडीवान बर्फात गेला म्हणून लोकांना सांगत. तोंड एवढं फटकळ, आणि हीच एक गोष्ट आयुष्यभर गिळून बसली. माझ्या दारात एकदा आली असती. नाही आली. जातं आमचं आहे म्हणणारी ती, पदर पसरायला कशी येईल. तीस वर्षं मी इथे एकटी, नीट संपलं नीट संपलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत, आणि खाली शहरात —

असा बघू नकोस माझ्याकडे. डोळे त्याचे नाहीत तुझे. तिचे आहेत. त्यामुळेच फसले.

ऊठ. तो कागद उचल. त्यावर लिहून आणलंयस ना, ‘टान्नफेल्सची ही ढाल मी योस यांस देत आहे’ — त्यावर मी शिक्का उठवणार नाही. पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, नाही म्हणजे नाही. तुझं तुला देणारी मी कोण? तुझ्या दोन आजोबांत एक गिरणीवाला निघाला म्हणून तुला सरदारांच्या घोड्यावरच्या भालाझुंजीच्या खेळात, दारात कुणी उभं करणार नाही, न करोत, पडून हाडं मोडण्यापलीकडे तिथे काही मिळत नाही. पण चर्चमधे टांगायची ती दोन ढाली टांगायची, एकटी नाही. लाल-पांढरा बोकड, आणि शेजारी आफ्राचं जात्याचं लोखंड — काळं काढा, सोनेरीवर, रंगावर रंग नको. पूल, तागा, चांदणी सगळं ओढ्यात. दाढीला गाठ. आणि पाद्रीबाबांना मी गाठते. बहिरे झालेत आता, पण ‘कधीच नाही’ चारचौघांत म्हणाले होते, तर परतही चारचौघांतच घेतील. मी मोठ्यानं सांगेन.

रडत नाहीये मी, धुरी दिलेल्या चीजनं येतं डोळ्यांना पाणी. आणि बसलास काय पुन्हा? आत्याच्या घरी बसायला पुढे पुष्कळ दिवस आहेत, तुझ्या आईकडे नाहीत. घोडा थकला असेल तर आमचं खेचर ने, हळू चालतं पण घाटात पाय चुकत नाही त्याचा. थेट तिच्या खाटेशी जा, आणि बाकी काही बोलू नकोस, फक्त सांग — वरच्या घरातल्या बाई म्हणाल्या, बोकड बरोबर बघतोय.

जा.