क्लाराचे उपास

हॅलो?… हॅलो, कोण?… स्वप्नाली, तू होय! थांब हं, हाताला भाजल्या वांग्याची सालं चिकटलीत, फोन खांद्यावर धरते… हं. बोल बाई.

हो, हो… सगळे बरे. पप्पा अंगणात मिरच्या उलथ्यापालथ्या करताहेत. यंदा उन्हं चांगली पडताहेत, रंग काय आलाय म्हणतेस!

क्लारा? तीही मजेत. आत्ताच आली वसतिगृहातल्या मुलींना शिकवून. पोरींनी दोन वेण्या घालून दिल्यात, पिवळ्या केसांना लाल रिबिनी. गल्लीतनं आली ती अर्धं म्हसावद गाव मागे घेऊन…

काय?… गाडी? कसली गाडी?… उद्या सकाळी? अगं, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. समजत नाहीये एवढंच. तुझ्या संस्थेचे सर तिला इथून हलवणार? ते का?…

उपाशी?… माझ्या घरात?

छे, चिडत नाहीये. मी कधी चिडते का? विचारतेय फक्त. डेन्मार्कहून पोर आली, तुझ्या संस्थेच्या कामाला, फुकट शिकवायला. तूच म्हणालीस, आई, आपल्या घरी ठेव, माझी खोली रिकामीच आहे. ठेवली. आणि आता तुझे सर तिकडे पुण्यात बसून म्हणतात, मी तिला उपाशी मारते!

तिनेच सांगितलं?… सरांनी फोनवर विचारलं काय जेवलीस, तर म्हणाली 'आज उपास'. बरोबर आहे. परत विचारलं तर परत 'आज उपास'. अगं, मग खरंच होता की गं! सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा. त्यांनी नेमके त्याच वारी फोन केले, त्याला मी काय करू?

ऐक ना… अगं ऐक ना. उपास म्हणजे उपाशी नव्हे, सरांना सांग. साबुदाण्याची खिचडी खाते ती, दोन ताटल्या. वर भगर. भगरीवर शेंगदाण्याची आमटी. उकडलेलं रताळं, दही, राजगिऱ्याचा लाडू. माझ्यापेक्षा डब्बल खाते, नजर नको लागायला!

जबरदस्ती? देवाशप्पथ नाही! मी उलट म्हटलं, बाई, तू सवयीची नाहीस, रात्री सोडत जा उपास, चालतं. तर हात जोडून म्हणते, नको नको, दोन्ही वेळ! बघ. आपल्यात कुणी पाळत नाही इतकं. मीच म्हणते, ही पूर्वजन्मीची पुण्याई घेऊन आलीय.

हसू नकोस. तुला काय माहीत ती किती मनापासून करते! परवा मला विचारत होती, आई, बुधवारी कोणता देव? मी म्हटलं, विठ्ठल. तर म्हणे, उपास करायचा? मी म्हटलं, नाही गं, बुधवारी नसतो. चेहरा एवढासा झाला तिचा. मग म्हणे, शुक्रवारी? मी म्हटलं, शुक्रवारी काही जणी करतात, त्यात आंबट चालत नाही. तर लगेच विचारते, तिखट चालत नाही असा कोणता वार?… एवढी बारकाईने चौकशी करते हो पोर! तुम्ही दोघा भावंडांनी कधी विचारलं?

का हसतेस पण?… हॅलो? आहेस ना?… काय लपवतेस? सांग की… तुला शपथ घातलीय? कुणी? क्लाराने?… मग मोड. गाडी यायला निघालीय आणि शपथ कसली पाळतेस!

काय?…

तिखट सोसत नाही तिला?…

म्हणजे… पहिल्या दिवसापासून?

अगं पण पहिल्या दिवशी तर मी शेवभाजी केली होती. आपल्या शेतातली मिरची, माझ्या हातचा मसाला. एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून धारा लागल्या तिच्या. मला वाटलं, आईची आठवण आली! मी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि… अगं बाई… आणि आणखी वाढली.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. हो. उपासाला मी मिरची घालतच नाही, नुसतं जिरं-मीठ. ती खिचडी खाऊन उठली ती देवघरापुढे साष्टांग पडली. मी पप्पांना उठवून दाखवायला आणलं…

ऐकतेय. बोल तू.

… नाही, रडत नाहीये. धूर आहे चुलीचा.

तसं नाही गं. पोटासाठी बसली बिचारी, त्यात काय पाप? पण मला आपलं वाटलं, कुणीतरी मिळालं. एवढी वर्षं मी देवघरापाशी ताट घेऊन एकटी बसते. पप्पांचं जेवण ओट्यावर, टीव्ही लावून. भगर म्हणतात पाखरांना घाल. आणि ही मांडीला मांडी लावून बसायची. मला म्हणायची, आई, छान… मला वाटायचं, देवच आला बाई परदेशातून.

मला का नाही सांगितलं?… मला वाईट वाटेल म्हणून? बघा! परक्या मुलुखात आली, नीट बोलता येत नाही, आणि काळजी कुणाची, तर माझी.

बरं, ते राहू दे. आता सर काय म्हणतात ते सांग… तिला व्हिडिओ कॉल करणार? कधी?… आत्ता? जेवताना दिसली तर गाडी रद्द? अगं, मग आधी सांगायचं नाही का! आज बुधवार! उपास नसला की ती नुसती दुधात भाकरी कुस्करून खाते. मी समजत होते, त्याग!

थांब, फोन ठेवू नकोस. वांगी भाजून तयार आहेत. मिरच्या तव्यावर आहेत, अजून कुटलेल्या नाहीत… उतरवल्या. गेल्या बाजूला. ऐक, माझं ठरलं. आजपासून मी मिरची सोडली… मी म्हणजे मी. होळीपर्यंत, ही जाईपर्यंत. आणि मी सोडली म्हणजे घरात शिजायची नाही. चूल एक आहे आपली.

पप्पा? ऐकलं वाटतं त्यांनी, टोपली खाली पडली… ओ! काय झायं?… हां, खरं शे. मी मिरची सोडी दिधी… कोनी नही सांगं, मन्हा नेम शे… तुम्हले पाहिजे ते वरतून ल्या, बाहेर ढीग शे ना पडेल!

… काय म्हणाले? म्हणाले, मिरच्यावाल्याच्या घरात मिरची बंद, हे लोकांना सांगू नको, भाव पडेल. तू हसू नकोस, मला कुटताना हसू येतं आणि लाकडी बडगीतून भरीत बाहेर उडतं… लसूण घातला, मीठ, कांद्याची पात, शेंगदाणे. झालं. दिसायला बाई अगदी आजारी माणसाचं दिसतंय.

क्लारा! ए क्लारा, इकडे ये. बस. हे खा… अगं नाही, मिरची नाही. नो मिरची. स्वप्नालीने सांगितलं सगळं… अगं उठतेस कुठे? रागावले नाही मी. बस, बस आधी. कान कशाला पकडतेस?…

खाल्लं. एक घास खाल्ला गं… थांबलीय… दुसरा घेतला. आता भाकरी मोडतच नाही, नुसतं भरीतच चाललंय!

क्लारा, ऐक बाळा. उद्या गुरुवार. माझा उपास. तू करू नकोस, तुझ्यासाठी असंच बिनमिरचीचं करीन… हॅलो, स्वप्नाली, ऐकतेस ना? ती काय म्हणते बघ. म्हणते, उपास नाही, भाकरी खाईन…

आं? काय म्हणालीस, बाळा?…

म्हणते, भाकरी खाईन, पण बसेन इथेच. तुमच्याजवळ.

थांब हं, माझंही ताट तिच्याशेजारी घेते.

अगंबाई, तिचा फोन वाजतोय! सरच आहेत, चेहरा दिसतोय. ती उचलतेय, तोंडात एवढा मोठा घास, बोलताच येत नाहीये… नाही, मी नाही सांगणार गिळायला. तसंच भरलेलं तोंड दिसू दे सरांना. ठेवते, तिला अजून वाढायचंय.