दाऊदभाईंची शपथ

थाप वाटेल तुम्हाला, पण दुबईत कॉलेज यायच्या आधी विद्यार्थ्यांचा बंधुसंघ आम्ही काढला! साठच्या दशकातली गोष्ट. तिथल्या देरा भागात आम्ही सहा कोकणी कारकून मुंबईचा अकाउंट्सचा कोर्स टपालाने करायचो. ना वर्ग, ना हॉस्टेल. मग आमच्यातले थोरले दाऊदभाई म्हणाले, "निदान एकमेकांचे भाऊ तरी होऊ." आणि त्यांनी सगळ्यांना शपथ सांगितली, "तुझी आई ती माझी आई, तुझी बहीण ती माझी बहीण."

आम्ही छाती ठोकून म्हटलं. हमीद मात्र मध्येच थांबला.

"काय रे, वाचा बसली?"

"दाऊदभाई, आईपर्यंत म्हणतो. बहिणीचं जमणार नाही."

"का?"

"तुमच्या झुबेदाला मागणी घालायची आहे."

माझ्या हातातली बशी खाली पडली. दाऊदभाईंचा हात तोंडाआधी चालायचा. ते उठले.

"तिला माहीत आहे?"

"तीच म्हणाली, आधी पास व्हा."

आता दाऊदभाईच मटकन खाली बसले.

"खलास! हा आपला भाऊ नाही," ते गरजले. मग स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "घ्या, दाजी. आणि नापास झालात तर बघा!"