फुकटचं म्हणजे चोरीचं

कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत आटपाडीच्या दगडाबाई बाकावर बसल्या होत्या, गाठोडं शेजारी ठेवून. पुढ्यात उभ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायला कान टवकारायची गरज नव्हती.

“मी माफीचं पत्र देणार नाही!”

“हळू बोल, स्वानंदी. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. इंटरनेट बघायचा नवा ब्राउझर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घातला, मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला. करणाऱ्यांनीच तो सगळ्यांना खुला केलाय. वापरा, वाटा, आतलं उघडून बघा म्हणतात. आणि साहेब चारचौघांत म्हणाले, फुकटचं म्हणजे चोरीचं!”

“त्यांना काय कळतंय त्यातलं?”

“त्या कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं चोरून उतरवलेलं, ते बरं चालतं! दसऱ्याला त्यालाच हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तेव्हा नाही दिसली चोरी?”

“दोन ओळी लिहून दे आणि मिटवून टाक. नोकरी तरी टिकेल.”

“आणि चोर म्हणून रोज तिथंच बसू? आपल्या घरी तोच चालतोय की. झकास आहे, असं तुम्हीच म्हणालात. तेवढं साहेबांना सांगा. चला आज माझ्याबरोबर.”

“घरचा... काल काढून टाकला मी.”

“का?”

“साहेबांचा फोन आला होता. म्हटलं, उगाच भानगड नको.”

“अहो, म्हणजे तुम्हीसुद्धा...”

दगडाबाईंनी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

“बाई, हितं बसा माज्याजवळ.”

नवराही टेकायला पुढं सरसावला.

“आवं, तुमी ऱ्हावा की हुबंच.”