पालथा दगड

...आणि वर माझंच चुकलं म्हणे! तुम्हाला सांगतो, मागच्या अंगणात आमच्या आईचा धुण्याचा दगड होता, पलंगाएवढा, सपाट, गुळगुळीत, माझ्या दुपट्यांपासून सगळ्या घराचं धुणं तिने त्यावर आपटलं, आणि मी शहाणा न्हाणीघर वाढवायला निघालो, दगडाखाली पहार घातली, जरा उचकटला... तर खालून एक माणूस माझ्याकडे बघतोय. जाड ओठ, चपटं नाक, डोक्यावर टोप, मांडीवर पोर, सगळं दगडात कोरलेलं. पहार टाकली आणि पळालो ते थेट सेलेरिनोकडे. सेलेरिनो म्हणजे माझा शाळासोबती, गावातल्या म्युझियमचा राखणदार. झालं! व्हेराक्रूसहून साहेब आले, क्रेन आली, ओल्मेकांचा, म्हणजे इथल्या फार जुन्या लोकांचा आहे म्हणाले, तीन हजार वर्षांचा, आणि दगड गेला म्युझियममध्ये. आता अंगणात नुसता खड्डा. अहो, पण शेवटी दगडच ना तो?

आई बोलेचना माझ्याशी. नवाकोरा सिमेंटचा ओटा बांधून दिला, नळासकट, तर त्यावरून हात फिरवून म्हणाली, "याच्यावर मळ निघत नाही." मशीन आणू का विचारलं तर म्हणे, "आण, आणि तूच बस त्यात." बायकोकडे बघितलं, तर ती आधीच आईच्या पार्टीत. "दगड तुम्ही घालवलात, धुणं तुम्ही बघा." घरात कपड्यांचा डोंगर, मी उलटी बनियन घालून फिरतोय, आणि कशापायी? शेवटी दगडच ना तो?

म्हटलं, आईला एकदा दगड दाखवून आणू, डोळे भरून बघेल, जीव शांत होईल, कामाला लागेल. रविवारी म्युझियम आम्हाला फुकटच. गेलो. दगड उभा करून ठेवलेला, वर पिवळा दिवा, भोवती दोरी. आई सरळ दोरीखालून आत, आणि पिशवीतून काढली गुलाबी साबणाची वडी!

"दोन्या चोले, हात लावायचा नाही," सेलेरिनो आईला मानाने हाक मारत धावला.

"का रे? तुझी आई आजारी होती तेव्हा तुझ्या चड्ड्या कुठे धुतल्या मी? तेव्हा बरा चालला हात!"

सेलेरिनो छताकडे बघायला लागला. मी आईचा दंड धरून कुजबुजतोय, आई, चल, लोक बघतायत, शेवटी दगडच ना... तेवढ्यात माहिती सांगणारी बाई आली, हालापा शहराची, चष्मेवाली, फार गोड. म्हणाली, "आजी, हे सिंहासन आहे. यावर राजा बसायचा."

"बसून काय करायचा?"

"बसायचा."

"नुसता? मग त्याचं धुणं?"

"ते इतर लोक बघायचे, आजी."

आईने साबण पिशवीत टाकला, दगडातल्या त्या पोराकडे बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "रुतिलियो, बसायची वस्तू होती रे ती. मी जन्मभर तिच्यावर वाकून उभी राहिले. कुणी सांगितलंसुद्धा नाही." डोळे भरले होते तिचे. मला खरंच फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, रडली, मोकळी झाली, उद्यापासून धुणं सुरू.

कसलं काय! घरी आली, त्या सिमेंटच्या ओट्यावर उशी टाकली आणि बसली. कॉफी तिथेच, मक्याचे तामाल तिथेच, शेजारणी येतात, खाली उभ्या राहून गप्पा मारतात. मी बादली घेऊन गेलो, आई, जरा सरकतेस का, तर वरून उत्तर, "इतर लोक बघतील."

इतर लोक म्हणजे मी. रोज नदीवर. आणि आमच्या नदीवर धड चपटा दगड मिळेल तर शपथ! कालच एक सापडला, काठाशी अर्धा रुतलेला, ऐसपैस. धुवायच्या आधी खालून हात फिरवून बघितला... तर नाक लागलं हाताला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात काढून घेतला आणि निमूटपणे पँट आपटायला लागलो.