शिलाईमशीनचं तेल

लेक : लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर म्हणतो संध्याकाळी घेऊन या. बारा वाजता माझी परीक्षा आणि हा म्हणतोय संध्याकाळी.

आई : मग दुसऱ्या कुणाचा आण. समोरच्या काकूंकडे आहे की लॅपटॉप.

लेक : चालत नाही गं. परीक्षा घरूनच द्यायची असली तरी काल परीक्षावाल्यांनी ऑनलाइन हाच तपासून नोंदवून घेतलाय. टायपिंग याच्यावरच करायचं, वेगळा कीबोर्डसुद्धा जोडायचा नाही.

आई : नेमकं होतंय काय त्याला?

लेक : बटण दाबलं की खालीच बसतं आणि एकच अक्षर चार-चारदा उमटतं. ही मधली ओळ बघ, सगळी चिकट. सेटिंग बघितली, भाषा बदलून बघितली, उलटा धरून झटकलासुद्धा. काल दुपारपर्यंत तर धड होता.

आई : काल दुपारी मी त्यात तेल घातलं.

लेक : काय घातलंस?

आई : मशीनचं तेल. तूच म्हणाली होतीस ना, एक बटण जड जातंय म्हणून. तू जेवून आडवी झालीस, तेवढ्यात फटीफटीत एकेक थेंब सोडला. तीस वर्षं माझं शिलाईमशीन त्याच तेलावर चालतंय.

लेक : आई, हे शिलाईमशीन नाहीये.

आई : कळलं आता.

लेक : दोनदा नापास झालेय मी. मार्चमध्ये माझी वयोमर्यादा संपते. यानंतर मला कुणी परीक्षेला बसूही देणार नाही, ठाऊक आहे ना तुला?

आई : ठाऊक आहे, म्हणूनच घातलं बाई. तुझा हात कुठे अडू नये म्हणून. नंतर बोल मला हवं तेवढं, गुमान ऐकून घेईन. आत्ता वाजले किती?

लेक : सव्वादहा.

आई : पुष्कळ वेळ आहे. बंद कर तो. तेलात कापडाची कणी बसून चिकटा झालाय, दुसरं काही नाही. माझं शिवण उसवायचं हत्यार दे आणि डाग काढायचं स्पिरिट. बटणं निघतात ना वर?

लेक : निघतात, पण मोडतात. कोपऱ्यातून हळू उचलायची.

आई : हळू म्हणजे किती ते मला नको शिकवूस. तू ओळीने मांडत जा फक्त, नाहीतर लावताना सगळा सावळा गोंधळ.

(तासाभराने.)

लेक : चालतंय. मधली ओळ चालतेय, वरचीही. अगं, बॅकस्पेस?

आई : त्याच्याखालचं रबर फाटलं माझ्या हातून. मघाशीच. सांगायचा धीर झाला नाही.

लेक : म्हणजे चुकलं तर खोडता येणार नाही.

आई : मी कापड कापते तेव्हा कुठे खोडता येतं?

लेक : तू चुकत नाहीस.

आई : चुकते की. चुकले की घाबरते आणि घाबरले की पुढचंही वाकडं जातं. म्हणून चुकलं तिथे थांबायचं नाही, पुढचं नीट कापायचं. याच्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. चल, मी बाहेर जाते, दार ओढून घेते.

लेक : आई.

आई : काय गं?

लेक : लांब जाऊ नकोस. दाराशीच बस.