हातगुण

हातगुण म्हणजे हातचलाखी नव्हे, बाई — तुम्ही आत्ता हसलात म्हणून सांगतो — आणि कसबही नव्हे. कसब शिकता येतं. एकाच वैद्याची पुडी एकाच्या हातून लागू पडते, दुसऱ्याच्या हातून पडत नाही; या फरकाचं कारण सापडत नाही तोवर त्याला हातगुण म्हणायचं. कारण सापडलं की शब्द संपला. माझं मला सापडलंय — बसा ना, सही काय पळून जाते? प्रयोगशाळेतल्या उंदरांचं निरीक्षण करायला आलात, तर उंदीरवाल्याचंही करून जा.

ही तापती पाटी. हिच्यावर उंदीर ठेवायचा, घड्याळ सुरू करायचं. त्यानं पाय चाटला की घड्याळ बंद आणि उंदीर लगेच खाली. साधा उंदीर सहाव्या सेकंदाला चाटतो. इथल्या प्रमुख मॅडमचं नवं वेदनाशामक औषध टोचलेला — अकरा, बारा! उभा राहतो नुसता. औषधाचे उंदीर डाव्या खोलीत, ते माझ्याकडे. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले उजव्या खोलीत, ते माझ्या जोडीदाराकडे. सोयीची वाटणी — तिच्यात वावगं काय दिसणार? मॅडमनाही दिसलं नाही. सगळ्यांसमक्ष म्हणाल्या, "काका, तुमच्या हाताला गुण आहे." सोळा वर्षांत इथं मला 'पाणी घेता का' एवढंही कुणी विचारलेलं नाही, बाई.

मग मी तापानं आठ दिवस अंथरूण धरलं. जोडीदारानं दोन्ही खोल्या सांभाळल्या — आणि डावीकडचे उंदीरही सहाव्या सेकंदाला पाय चाटू लागले! मॅडम म्हणाल्या, परक्या हाताला बिथरले, तो आठवडा नोंदीतून वगळा. वगळला. मी परतलो, पुन्हा अकरा, बारा. आता माझ्या घरी एक बोका आहे. महा लबाड. मी स्वेटर काढून ठेवला की त्याच्यावरच मुटकुळं करून पडतो. आणि इथं गारठा, म्हणून तोच स्वेटर रोज कोटाच्या आत. एकदा बायकोनं तो धुवायला टाकला, मी तसाच आलो. त्या दिवशी — सहा. सगळे सहा.

वाघ समोर उभा असताना पायात काटा मोडला, तर कुणी बसून काटा काढतं का? मेंदूच म्हणतो, आत्ता नाही — आणि आपला आपणच अफूसारखं काहीतरी पाझरवून वेदनेची वाट बंद करतो. उंदराला बोका दिसावा लागत नाही, वास पुरतो. पाटीवर उभे असताना त्यांचे डोळे पाटीकडे नसायचेच, बाई, माझ्या बाहीकडे असायचे. आणि मी त्याला विश्वास समजत होतो! तेव्हाच सांगायला हवं होतं — हो, हवं होतं. दुसऱ्या दिवशी काय केलं, विचारा. नका विचारू — बायकोला सांगितलं, हा स्वेटर पुन्हा धुवायचा नाही.

खरं तर तुम्हाला एवढंच सांगायला थांबवलं होतं, की तुम्ही सही करणार आहात त्या सोमवारच्या यादीतलं चौथं नाव तेवढं काढा. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या इंजेक्शनाऐवजी हे औषध ज्या बारा जणांना द्यायचंय, त्यांत माझा थोरला भाऊ आहे. खुब्याचं हाड. काल वहिनी फोनवर म्हणाली, "भावोजी, तुमच्याच हातचं औषध, मग काळजी कसली!" काय? उरलेले अकरा? … तुम्ही असं बघू नका. दादा शुद्धीवर येईल तेव्हा त्याच्या मेंदूला वेदनेची वाट बंद करायचं कारण नसेल, आणि सिरिंजमधल्या त्या औषधात — काही नाही. असलंच, तर मिठाच्या पाण्याहून अधिक काही नाही.

पेनाला टोपण लावलंत? बरं केलंत. मॅडम वरच्या मजल्यावर आहेत, जा. मी येणार नाही. त्या तुम्हाला वेगळीच गोष्ट सांगतील, सगळेच सांगतात — डाव्या खोलीतले उंदीर औषधानं निर्भय झाले, म्हणून शांत राहिले. ते चूक आहे. निर्भय त्यांत एकही नव्हता.