महाप्रसादाच्या रांगेतलं कन्सल्टेशन

—नाही नाही वहिनी, खुर्ची नको, मी इथेच बरा आहे ह्या खोक्यावर. चालू द्या तुमचं. आणि आधीच सांगून ठेवतो, मला कोणी पाठवलेलं नाही, पॅनेलने नाही, कौन्सिलने नाही. मी आलोय तो शशीचा मित्र म्हणून. तो गेल्यावर तुम्ही हे वर्कशॉप जसं सांभाळलंत ना—मी घरी आमच्या आसावरीला नेहमी म्हणतो, मधुमतीवहिनींनी स्वतःचे हात ग्रीसने काळे केले, पण एका माणसाला घरी बसवलं नाही. डेरेक आहे ना अजून? आणि जसवंत? बघा! तर मी काय म्हणत होतो, कौन्सिल ही जागा घेतेय त्यावरचं तुमचं ऑब्जेक्शन—काढून टाका ते. सोमवारी कौन्सिलला फोन करा, विथड्रॉ म्हणा, झालं. टायरवाल्याने काढलं, सुतारकाम करणाऱ्या त्या दोघा भावांनी काढलं, अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटवर आता तुमचं एकटीचं राहिलंय. आणि तेवढ्यापायी सगळं अडून बसलंय हो.

रागावलात? रागावू नका. तुम्ही म्हणाल, यतीनभाऊजी, जागा आमची, वर्कशॉप आमचं, तुम्ही कोण? बरोबर आहे. मी कोण? कोणी नाही. काउंटीच्या इकॉनॉमिक ॲडव्हायझरी पॅनेलचा एक साधा मेंबर. आम्ही काय करतो? महिन्यातून एकदा काउंटी हॉलमध्ये जमतो, कडक बिस्किटं खातो आणि सल्ला देतो. म्हणजे बघा, इथली माणसं सकाळी ट्रेनने लंडनला जातात, संध्याकाळी झोपायला परत येतात, काउंटीत स्वतःचं असं काही उरलेलंच नाही—मग बाहेरून कंपन्या आणायच्या, त्यांना जागा दाखवायच्या, शाळा चांगल्या आहेत, एअरपोर्ट जवळ आहे असं पटवायचं. आम्ही सल्ला देतो, काउंटी तो रीजनच्या एजन्सीकडे पाठवते, एजन्सी फंडिंग देते, कौन्सिल जागा ताब्यात घेते. आमच्या हातात काही नसतं. खरंच नसतं. पण एक सांगू का? ब्रिस्टलला मी एवढी वर्षं विमानांच्या पंखांवर काम केलं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत सगळे मला यॅट म्हणायचे. यॅट! रिटायर झालो तेव्हा केकवर पण तेच लिहिलं होतं. आणि इथे पहिल्याच मीटिंगला माझ्यासमोर पितळी पाटी—यतीन पुरुषोत्तम दामले. स्पेलिंगसकट बरोबर. हसू नका. घरी बसून दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघितलंत ना, की कळेल तुम्हाला त्या पाटीचं मोल.

तर ती पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी. ती आपल्याकडे यावी म्हणून मी काय काय केलं, तुम्हाला कल्पना नाही. त्यांची माणसं आली तेव्हा मिनीबसमधून फिरवलं त्यांना, शाळा दाखवल्या, गोल्फ कोर्स दाखवला—त्यातल्या एकालाही गोल्फ येत नव्हता, सगळे आपले मान डोलावतायत—मग पिनरला एका ओळखीच्या घरी जेवायला नेलं. अळूची भाजी, मठ्ठा, सगळं. त्यांचा साहेब म्हणाला, दामले, इथे तर अगदी घरच्यासारखं वाटतंय. आमच्या पॅनेलच्या चेअरमनने टेबलाखालून माझा हात दाबला हो. मग विचारलं त्यांनी, जागा कुठली? आणि मी—पॅनेलने म्हणजे—पॅनेलने ही इस्टेट सुचवली. रेल्वेला लागून आहे, जुनी आहे, शेड्स गळतायत... तुमची नाही गळत, माहितेय. मी जनरल बोलतोय.

काय? तुम्हाला विचारलं नाही? असं कसं म्हणता वहिनी! कन्सल्टेशन झालं की. गेल्या वर्षी गणपतीत, शाळेच्या हॉलमध्ये. आठवत नाही? ती फिलिपा आली होती काउंटीची, उंच, गळ्यात आयडी कार्ड, मोजे फाटलेले म्हणून बूट काढायला लाजत होती बिचारी. तिने बोर्ड लावले होते ना चित्रांचे, काचेची बिल्डिंग, झाडं, सायकलवरून चाललेली माणसं. कुठे? महाप्रसादाच्या रांगेशेजारीच! आयडिया माझी होती ती. तिला म्हटलं, तुम्ही टाउन हॉलमध्ये मीटिंग ठेवलीत तर आमची चार डोकी येणार नाहीत, गणपतीला या, अख्खी कम्युनिटी एका जागी मिळेल. आणि मिळाली की! लोकांनी काय तिचं कौतुक केलं. पाहुणी ना ती. कोणी मोदक देतंय, कोणी बसायला देतंय, ती बोर्ड दाखवायची आणि सगळे म्हणायचे व्हेरी नाइस, व्हेरी नाइस, अजून थोडा भात घ्या. घरी आलेल्या माणसाला आपण कधी म्हणतो का, की बाई तुझं चित्र मला आवडलं नाही? नाहीच म्हणत. तिने मग आरतीच्या वेळी हॉलमधली डोकी मोजली. रिपोर्टमध्ये काय सुंदर वाक्य आलं—स्थानिक आशियाई उद्योजकांचा भरघोस पाठिंबा. पॅनेलवर टाळ्या वाजल्या.

तुम्हीही आहात त्यात वहिनी. हो! तुम्हीच तर वाढत होतात मसालेभात. तिने तुम्हाला विचारलं, अँड व्हॉट डू यू थिंक, आणि तुम्ही म्हणालात, लव्हली, डियर. मी शेजारीच उभा होतो, मला चांगलं आठवतंय... असं काय बघताय? भाताचा डाव होता हातात, मान्य आहे, चित्र नीट बघितलं नसेल, मान्य आहे—पण म्हणालात तर खरं. पाठिंबा म्हणून तुमचंही डोकं मोजलं गेलंय. म्हणून तर म्हणतो, आता हे ऑब्जेक्शन विचित्र दिसतं.

नाही, आवाज चढवू नका, बाहेर माणसं आहेत. ऐका. तुम्ही ते नाही काढलंत तर पब्लिक इन्क्वायरी होते. वरून सरकारचा इन्स्पेक्टर येतो, सगळ्यांना प्रश्न विचारतो. कोणाला? मला, आणखी कोणाला! मिस्टर दामले, हे कन्सल्टेशन कुठे झालं? मिस्टर दामले, त्या लोकांना माहीत होतं का, की त्यांना काही विचारलं जातंय? काय सांगू मी? गणपतीच्या फूड लाइनमध्ये झालं म्हणून सांगू? चेअरमन परवा म्हणाले, यतीन, मला खात्री आहे तू हे घरातल्या घरात मिटवशील. हसत म्हणाले. पण मला ते हसणं कळतं हो, एवढी वर्षं काढलीत मी इथे. नाही मिटवलं तर ते ओरडणार नाहीत, काढणार पण नाहीत. फक्त पुढच्या मीटिंगचा ईमेल यायचा नाही.

आणि तुम्ही कुठे अडणार आहात? कॉम्पेन्सेशन मिळेल, दुसरीकडे शेड बघा—बरं, ह्या भाड्यात मिळणार नाही, कबूल. माणसं तेवढ्या लांब येणार नाहीत, तेही कबूल. पण कधीतरी बंद करायचंच ना? शशी असता तर त्याने दहा वर्षं आणखी ओढलं असतं, पण तो नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. गेल्या आठवड्यात पॅनेलवर मी मुद्दाम विचारलं सुद्धा, की आता जर कंपनीच येत नाहीये तर मधुमतीवहिनींचं वर्कशॉप निदान—

म्हणजे तसं नाही. तसं नाही म्हणालो मी. अजून जाहीर झालेलं नाही. बँकांचं काय चाललंय बघताय ना टीव्हीवर, त्यांची क्लायंट एक बँकच होती मोठी, तीच गटांगळ्या खातेय, तर त्यांनी कळवलंय की सध्या नको. सध्या! पुढे येतील ना. ते नाही तर दुसरे कोणी येतील. मोकळी जागा तयार ठेवली पाहिजे, हा पॅनेलचा सल्ला आहे. एजन्सीचं फंडिंग मार्चच्या आत वापरलं नाही तर परत जातं, म्हणून पाडायचं काम थांबवता येत नाही. हो, पाडणारच आहेत. नंतर? नंतर कुंपण घालतील. गवत पेरतील. आता माझ्याकडे असं बघून काय होणार आहे वहिनी? मी विचारलं की! फिलिपाने खाली बघितलं आणि पुढचा विषय घेतला. माझा नाइलाज आहे.

कुठे निघालात? वहिनी? डेरेकला कशाला बोलावताय? जसवंतलाही? अहो, हे आपल्या आपल्यात आहे, मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं—हॅलो डेरेक, हॅलो जसवंत, सॉरी, डोंट लेट मी स्टॉप यू... काय? मी सांगू? ह्यांना? कोणी येणार नाहीये हे मी ह्यांना तोंडावर सांगू? तुम्ही मालकीण, तुम्ही सांगा, मी कशाला—बरं, बरं. दार अडवू नका. सांगतो.

वेल. डेरेक. लिसन. अबाउट दॅट कंपनी... हं? हू? केली? युअर डॉटर? ओह. शी फिनिश्ड हर कोर्स. कम्प्युटर कोर्स. फॉर... फॉर अवर कंपनी? यू टोल्ड हर? नो, नो, आय रिमेंबर, मीच—आय डिड से देअर वुड बी जॉब्स. येस. आय सेड दॅट.

वहिनी, हा माझा हात का हातात घेतोय? थँक यू कशाबद्दल म्हणतोय हा? सांगा ना त्याला काहीतरी. मराठीत नको, त्याला कळेल असं—

वहिनी.